टेनिसची सर्व्हिस : नवशिक्यांसाठी पहिला पाठ

टेनिसच्या खेळात फोरहँड, बॅकहँड, व्हॉली, लॉब, स्मॅश असे अनेक फटके आहेत. त्या सर्वांत सर्व्हिसचे स्थान निराळे आहे. इतर प्रत्येक फटका समोरून आलेल्या चेंडूवर अवलंबून असतो. चेंडू किती वेगाने येईल, किती उसळेल आणि कोणत्या बाजूला वळेल हे प्रतिस्पर्धी ठरवतो व आपण धावत जाऊन त्याला उत्तर देतो. सर्व्हिसच्या वेळी चेंडू आपल्याच हातात असतो. तो आपणच वर उडवतो, आपल्याला हव्या त्या क्षणी मारतो, आणि तोपर्यंत समोरच्या खेळाडूला वाट पाहत उभे राहावे लागते. हा एकच फटका सर्वस्वी आपल्या स्वाधीन आहे. असे असूनही नवशिक्याला सर्वांत जास्त रडवणारा फटका हाच, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

सर्व्हिस जमली नाही तर पुढचा खेळच होत नाही. फोरहँड कच्चा असेल तर बॅकहँडने भागवता येते, पण सर्व्हिसला पर्याय नाही. तिच्यावाचून गुणाची सुरुवातच होत नाही. ज्याची सर्व्हिस जाळ्यात जाते त्याच्याबरोबर खेळायला कोणी फारसे उत्सुक नसते, आणि जोडीदार मिळत नाही म्हणून सरावही होत नाही. या चक्रात सापडून कित्येक विद्यार्थी पहिल्या महिन्यातच रॅकेट जिमखान्यात परत करतात. घरी ज्यांच्या कोणी कधी रॅकेट हातात धरली नाही, ज्यांना प्रशिक्षकाची फी परवडत नाही, अशांची गळती त्यात अधिक असते. म्हणून सर्व्हिस म्हणजे नेमके काय, ती का चुकते आणि एकट्याने कशी शिकता येते, याचा थोडा पद्धतशीर विचार येथे मांडत आहे.

नियम काय सांगतो

टेनिसचे कोर्ट ७८ फूट लांब असते. एकेरी सामन्यासाठी त्याची रुंदी २७ फूट आणि दुहेरीसाठी ३६ फूट धरतात. जाळे मधोमध ३ फूट व दोन्ही खांबांपाशी साडेतीन फूट उंच असते. जाळ्यापासून २१ फुटांवर सर्व्हिसची रेषा असते व मधल्या रेषेमुळे तेथे दोन चौकोन होतात. प्रत्येक चौकोन २१ फूट लांब आणि साडेतेरा फूट रुंद असतो. सर्व्हिस करणाऱ्याने बेसलाइनच्या मागे उभे राहून चेंडू तिरक्या दिशेने समोरच्या चौकोनात टाकायचा असतो. प्रत्येक गेममध्ये पहिली सर्व्हिस उजव्या बाजूने, दुसरी डाव्या बाजूने, अशी आलटून पालटून करावयाची असते.

प्रत्येक गुणासाठी दोन संधी मिळतात. दोन्ही चुकल्या तर दुहेरी चूक होते व गुण प्रतिस्पर्ध्याला जातो. चेंडू जाळ्याला चाटून योग्य चौकोनात पडला तर 'लेट' होतो आणि ती सर्व्हिस पुन्हा करता येते. चेंडूला रॅकेट लागण्यापूर्वी पाय बेसलाइनला किंवा तिच्या आतल्या जमिनीला लागला तर तो 'फुटफॉल्ट' ठरतो. समोरचा खेळाडू तयार होण्याआधी सर्व्हिस करता येत नाही.

नवशिक्याने दोन नियम आवर्जून ध्यानात ठेवावेत. पहिला असा की वर उडवलेला चेंडू मनासारखा गेला नाही, आणि आपण त्याच्यावर रॅकेट चालवली नाही, तर तो झेलून पुन्हा उडवता येतो. ती चूक मानत नाहीत. रॅकेट फिरवली आणि चेंडू हुकला तर मात्र चूक होते. दुसरा असा की खाली हाताने केलेली सर्व्हिसही कायदेशीर आहे. १९८९ सालच्या फ्रेंच स्पर्धेत सतरा वर्षांच्या मायकेल चँगने पायांत गोळे आलेले असताना इव्हान लेंडलसारख्या खेळाडूविरुद्ध एक सर्व्हिस खाली हातानेच केली. तो सामना त्याने जिंकला व पुढे ती स्पर्धाही जिंकली.

चेंडू खाली नव्हे, वर मारायचा

मोठ्या खेळाडूंची सर्व्हिस पाहिली की चेंडू वरून खाली हाणलेला दिसतो. नवशिक्या त्याचेच अनुकरण करतो आणि चेंडू जाळ्यात जातो. हे का घडते ते शाळेतल्या भूमितीवरून कळते.

बेसलाइनपासून जाळे ३९ फुटांवर आणि समोरची सर्व्हिसची रेषा ६० फुटांवर आहे. समजा, चेंडू दोरी ताणल्यासारखा सरळ रेषेत गेला. तो जाळ्याच्या मधल्या ३ फूट उंचीवरून निघून पुढे २१ फुटांवर जमिनीला टेकायचा असेल, तर समरूप त्रिकोणांच्या न्यायाने ६० फूट मागे त्याची उंची साधारण ८ फूट ७ इंच असली पाहिजे. चेंडूची जाडी जमेस धरली तर ही उंची पावणेनऊ फुटांच्या जवळ जाते. साडेपाच फूट उंचीच्या माणसाने हात पूर्ण वर केला आणि नेहमीच्या २७ इंची रॅकेटच्या जाळीच्या मध्यभागी चेंडू घेतला, तर तो कसाबसा साडेआठ फुटांपर्यंत पोहोचतो. म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांना सरळ रेषेत चेंडू खाली मारून चौकोन गाठणे शक्यच नाही. अमेरिकेचा जॉन इस्नर ६ फूट १० इंच उंच. २०१६ साली डेव्हिस चषकात त्याने ताशी २५३ किलोमीटर वेगाची सर्व्हिस केली. त्याला जो कोन मिळतो तो आपल्याला मिळत नाही.

अर्थात प्रत्यक्षात चेंडू सरळ रेषेत जात नाही, गुरुत्वाकर्षणाने तो खाली येत असतो. नवशिक्याची सर्व्हिस ताशी ७० किलोमीटर वेगाची आहे आणि चेंडू साडेआठ फुटांवरून अगदी आडवा मारला आहे असे धरू. ३९ फुटांवरील जाळ्यापर्यंत पोहोचायला त्याला सुमारे ०.६ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात तो सुमारे ६ फूट खाली येतो. उरली अडीच फूट उंची, आणि जाळे आहे तीन फुटांचे! हवेचा अडथळा जमेस धरला तर परिणाम आणखी वाईट होतो. आडवा मारलेला चेंडूसुद्धा जेथे जाळ्यात जातो, तेथे खाली मारलेल्याची काय कथा?

निष्कर्ष स्पष्ट आहे. मध्यम उंचीच्या व मध्यम वेगाच्या खेळाडूने चेंडू थोडा वरच्या दिशेने मारला पाहिजे. त्याला खाली आणण्याचे काम गुरुत्वाकर्षण करते, आणि पुढे कौशल्य वाढल्यावर चेंडूला दिलेली फिरकी करते. डोळा समोरचा चौकोन पाहतो व हाताला खाली ओढतो. सर्व्हिस शिकणे म्हणजे डोळ्याची ही ओढ मोडणे होय. हे एक सूत्र मनात पक्के बसले की पुढच्या प्रत्येक सूचनेचा अर्थ आपोआप लागतो.

पकड

नवशिक्या रॅकेट स्वाभाविकपणे कालथा धरावा तशी धरतो, म्हणजे जाळीचे तोंड सरळ समोर. या पकडीने चेंडूला टप्पल मारता येते व सुरुवातीला तो चौकोनात पडतोही. त्यामुळे ही पकड सोडवत नाही. परंतु तिच्यात मनगट व कोपराखालचा हात अडकून पडतो, म्हणून वेगही येत नाही आणि फिरकीही देता येत नाही. पहिल्या महिन्यात लागलेली ही टप्पल मारण्याची सवय पुढे वर्षानुवर्षे सुटत नाही.

योग्य पकडीला 'कॉन्टिनेन्टल' पकड म्हणतात. लाकूड फोडताना कुऱ्हाड धरतो, तीच ही पकड. पाते समोर, धार लाकडाकडे. रॅकेटची कड म्हणजे ती धार समजावी. सर्व्हिसमध्ये रॅकेट ही कड पुढे करूनच चेंडूकडे वर जाते. अगदी शेवटच्या क्षणी कोपराखालचा हात बाहेरच्या बाजूला वळतो आणि जाळी चेंडूच्या समोर येते. फटका झाल्यावर तळवा बाहेर व अंगठा खाली वळलेला दिसला, तर हात बरोबर वळला असे समजावे. प्रारंभी या पकडीने चेंडू डावीकडे भलतीकडेच जातो. त्यामुळे घाबरून पुन्हा कालथ्याकडे वळू नये. हात वळायला शिकला की दिशा जागेवर येते.

उभे राहणे व टॉस

उजव्या हाताने खेळणाऱ्याने बेसलाइनच्या दोनतीन इंच मागे डावा पाय ठेवावा, त्याचा अंगठा जाळ्याच्या उजव्या खांबाच्या रोखाने असावा. उजवा पाय मागे, बेसलाइनला जवळपास समांतर ठेवावा. डावा खांदा जाळ्याकडे येतो. डावखुऱ्याने हे सारे उलट करावे. सुरुवातीच्या दिवसांत उडी मारण्याचा मोह टाळावा. दोन्ही पाय जमिनीवर ठेवून तोल सांभाळणे हेच पहिल्या महिन्याचे काम.

सर्व्हिस बिघडण्याचे मूळ बहुधा रॅकेटच्या हातात नसते, ते टॉस करणाऱ्या हातात असते. चेंडू मुठीत न आवळता बोटांच्या टोकांवर हलका धरावा. हात कोपरात न वाकवता मांडीपासून सरळ वर न्यावा आणि डोळ्यांच्या पातळीवर आला की बोटे उघडावीत. मनगटाचा झटका दिला की चेंडू फिरतो व मागे जातो. चेंडू फेकायचा नसतो. एखादा पेला फळीवर ठेवावा तसा तो वर नेऊन सोडायचा असतो.

चेंडू किती उंच जावा? रॅकेट पूर्ण वर धरली असता तिच्या टोकापेक्षा किंचित उंच. फार उंच गेलेला चेंडू खाली येताना वेग घेतो आणि त्याला गाठणे कठीण होते. फार कमी उडाला तर हात आखडतो. दिशा तपासण्याची एक सोपी युक्ती आहे. रॅकेट जमिनीवर अशी ठेवावी की तिची जाळी पुढच्या पायासमोर, बेसलाइनच्या आत येईल. मग चेंडू उडवून तसाच खाली पडू द्यावा. तो जाळीवर पडला तर टॉस बरोबर. रोज पंचवीस टॉस असे करावेत. यासाठी कोर्टही लागत नाही, वसतिगृहाचे अंगण पुरते.

फेकण्याची क्रिया

सर्व्हिसची मुख्य हालचाल आपल्यापैकी अनेकांना आधीच येत असते, फक्त तिची ओळख पटलेली नसते. चिंचा किंवा कैऱ्या पाडण्यासाठी दगड मारताना आपण काय करतो? आडवे उभे राहतो, कोपर मागे नेऊन उंच करतो, हात पाठीमागे सैल सोडतो, मग कंबर व खांदा वळतात आणि सर्वांत शेवटी हात वर झेपावतो. दगड सुटतो तो वरच्या दिशेने. सर्व्हिस हीच क्रिया आहे. दगडाऐवजी रॅकेटचे टोक वर फेकायचे, एवढाच फरक. क्रिकेटमध्ये सीमारेषेवरून चेंडू फेकणाऱ्याचा हातही असाच चालतो.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. मुलींना सर्व्हिस जमत नाही, कारण त्यांच्या खांद्यात जोर नसतो, असे पुष्कळदा ऐकू येते. खरे कारण बहुतेक वेळा निराळे असते. लहानपणी मुलगे झाडावर दगड मारत हिंडतात आणि मुलींनी तसे केले तर त्यांना रागावतात. म्हणजे मुलगा कोर्टावर येतो तेव्हा त्याच्या हातून हजारो वेळा फेकून झालेले असते आणि मुलीच्या हातून शंभर वेळाही नसते. फेकणे ही सवय आहे, जन्मजात देणगी नव्हे. ज्या मुलीला सर्व्हिस शिकायची असेल तिने आठवडाभर रॅकेट बाजूला ठेवून जुने चेंडू नुसते हाताने जाळ्यापलीकडे लांब फेकावेत. ज्या मुलांनी फारसे फेकलेले नाही त्यांनाही हाच उपाय लागू आहे.

एकट्याने सराव

सर्व्हिसच्या सरावाला जोडीदार लागत नाही, हे तिचे फार मोठे भाग्य आहे. नवे चेंडूही लागत नाहीत. टेनिसचा चेंडू काही दिवस वापरला की आतील दाब जाऊन मऊ पडतो व नीट उसळत नाही. इतर फटक्यांना असा चेंडू निरुपयोगी ठरतो. सर्व्हिसमध्ये चेंडू हातातून थेट रॅकेटवर येतो, मध्ये टप्पा पडतच नाही. म्हणून इतरांनी टाकून दिलेले दहा-बारा चेंडू पिशवीत जमवले की आपली शाळा सुरू होते.

क्रम असा ठेवावा. प्रथम सर्व्हिसच्या रेषेवर उभे राहून, रॅकेट आधीच पाठीमागे नेऊन, फक्त अर्धी क्रिया करावी. दहापैकी सात चेंडू समोरच्या चौकोनात पडू लागले की तीन पावले मागे यावे. तेथे सात पडू लागले की आणखी मागे. असे करत बेसलाइन गाठावी आणि मगच पूर्ण क्रिया सुरू करावी. पहिल्याच दिवशी बेसलाइनवरून जोर लावणाऱ्याच्या हाती फक्त दुखरा खांदा लागतो.

कोर्ट मिळत नसेल तर खिडक्या नसलेली भिंत शोधावी. तिच्यावर खडूने ३ फुटांवर एक व ६ फुटांवर दुसरी रेषा ओढून ३९ फुटांवर उभे राहावे. संथ सर्व्हिस या दोन रेषांच्या मध्ये लागली तर ती साधारण चौकोनात पडली असती असे समजण्यास हरकत नाही. जाळ्यावर तीन फूट उंचीवरून जाणारा चेंडूसुद्धा आत पडू शकतो, हे या रेषा पाहून डोळ्याला पटते, आणि खाली मारण्याचा मोह कमी होतो.

एका वेळी चाळीस-पन्नास सर्व्हिस पुरेशा आहेत. आधी खांदे फिरवून अंग मोकळे करावे. खांदा किंवा कोपर दुखू लागले तर त्या दिवशी थांबावे.

दुसरी सर्व्हिस

नवशिक्यांत एक पद्धत सर्रास आढळते. पहिली सर्व्हिस जीव खाऊन मारायची आणि ती चुकली की दुसरी भीत भीत टप्पल मारून पलीकडे ढकलायची. याचा हिशेब मांडून पाहावा. पहिली सर्व्हिस दहापैकी चार वेळा आत पडते आणि दुसरी सहा वेळा, असे धरले तर शंभरपैकी साठ वेळा दुसरी करावी लागते व त्यातील चोवीस चुकतात. म्हणजे जवळजवळ दर चौथा गुण दान. एका गेमला किमान चार गुण लागतात. याचा अर्थ आपल्या प्रत्येक गेममध्ये निदान एक गुण आपण खेळ सुरू होण्यापूर्वीच देऊन बसतो.

म्हणून शिकताना क्रम उलटा करावा. आधी दुसरी सर्व्हिस शिकावी, म्हणजे पूर्ण क्रियेची, वर जाणारी, मध्यम वेगाची आणि भरवशाची. काही महिने दोन्ही वेळा हीच वापरावी. पुढे तिलाच वेग दिला की पहिली सर्व्हिस तयार होते आणि चेंडूच्या बाजूने व वर रॅकेट घासून फिरकी दिली की दुसरी अधिक सुरक्षित होते. भीती वाटली की हात मंदावतो, आणि मंदावलेला हात चेंडू जाळ्यात टाकतो. दुसऱ्या सर्व्हिसलाही रॅकेट तितक्याच मोकळेपणाने फिरली पाहिजे.

ही अडचण नवशिक्यांपुरतीच नाही. बेलारूसची आरिना सबालेन्का २०२२ च्या जानेवारीत जगात दुसऱ्या क्रमांकावर होती. त्या महिन्यात ॲडलेड येथे तिच्या दुहेरी चुका इतक्या वाढल्या की काही सर्व्हिस तिला खाली हाताने कराव्या लागल्या. जगासमोर हे घडत असताना तिने खेळ सोडला नाही. त्याच वर्षी तिने शरीराच्या हालचालींचा अभ्यास करणाऱ्या तज्ज्ञाची मदत घेऊन आपल्या सर्व्हिसची घडण तपासली व दुरुस्त केली. जानेवारी २०२३ मध्ये ती ऑस्ट्रेलियन स्पर्धेची विजेती झाली. मनाचा धीर लागतोच, पण हाताची क्रिया दुरुस्त झाली की धीरही परत येतो, असा बोध यातून घेता येईल.

वेग कमी असल्याची खंतही फार करू नये. आपल्या रामनाथन कृष्णन यांची सर्व्हिस जोरकस म्हणून कधीच प्रसिद्ध नव्हती. तरीही १९६० व १९६१ अशी लागोपाठ दोन वर्षे ते विम्बल्डनच्या उपान्त्य फेरीपर्यंत पोहोचले. सर्व्हिस बिनतोड असायलाच हवी असे नाही. ती चौकोनात पडली पाहिजे व पुढचा फटका आपल्या सोयीचा झाला पाहिजे.

समारोप

वरील विवेचनाचे सार थोडक्यात असे : पकड कुऱ्हाडीची, टॉस पेला ठेवावा तसा, हात दगड मारावा तसा, आणि दिशा वरची. चेंडू चुकीचा उडाला तर निःसंकोचपणे झेलावा, घाई कोणाचीच नसते. दोन गुणांच्या मध्ये नियमाने २५ सेकंद दिलेले आहेत.

आपल्या जिमखान्याचे कोर्ट दुपारी उन्हामुळे आणि सकाळी तासांमुळे कितीतरी वेळ रिकामे पडलेले असते. खेळायला चौघे जमत नाहीत, दोघेही जमत नाहीत, ही नेहमीची तक्रार. सर्व्हिसला एकटा माणूस पुरतो. महाग रॅकेट, नवे चेंडू, मोठे प्रशिक्षक यांपैकी काहीही नसताना या खेळातला सर्वांत महत्त्वाचा फटका शिकता येतो, ही गोष्ट आपल्या महाविद्यालयातील पुष्कळांना अजून ठाऊक नाही. पहाटे अर्धा तास, दहा जुने चेंडू आणि एक पिशवी एवढ्यावर सहा महिने ज्याने किंवा जिने काढले, त्याला किंवा तिला जोडीदार शोधत फिरावे लागणार नाही. जोडीदारच शोधत येईल.